‘सोबत कोण आहे?’ : ज्येष्ठांचे आरोग्य आणि रुग्णमार्गदर्शन योजनांची चिकित्सा

बीजसंज्ञा : रुग्णमार्गदर्शन, ज्येष्ठ नागरिक, आरोग्यमित्र, केवट, बहुविध आजार, डिस्चार्जनंतरची काळजी

प्रास्ताविक

शासकीय वा महानगरपालिकेच्या रुग्णालयात एखादी वयस्कर व्यक्ती केसपेपरच्या खिडकीशी पोहोचली, की तिच्या आजाराची चौकशी होण्याआधी बहुधा एक प्रश्न येतो : सोबत कोण आहे? या प्रश्नात आपुलकी नसतेच असे नाही, परंतु मुळात तो व्यवस्थेच्या सोयीचा प्रश्न आहे. केसपेपर काढणे, नंबर लावणे, रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोहोचविणे, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणणे, आत नसलेले औषध बाहेरून विकत आणणे ही सारी कामे आपल्याकडे रुग्णालय करीत नाही, नातेवाईक करतो. तो नातेवाईक हा आरोग्यव्यवस्थेचा बिनपगारी कर्मचारी आहे आणि त्याच्या अस्तित्वाचे गृहीतक प्रत्येक खिडकीवर बसलेले आहे. ज्याच्यासोबत कोणी नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था रचलेलीच नाही.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगात सर्वत्र ‘पेशंट नेव्हिगेशन’ या नावाने जी चळवळ उभी राहिली, ती याच उणिवेवरचा उपाय होय. रुग्णाला निदानापासून उपचारापर्यंतच्या वाटेवर हात धरून नेणारी प्रशिक्षित व्यक्ती नेमावी, ही तिची मूळ कल्पना. अमेरिकेत तिला कायद्याचे आणि विम्याचे पाठबळ लाभले. भारतात, विशेषतः मुंबईत, तिचे एक स्वतंत्र रूप घडले आणि महाराष्ट्राच्या शासकीय योजनांत ‘आरोग्यमित्र’ या पदाच्या रूपाने ती वेगळ्या वाटेने आली. या योजना उपयुक्त आहेत की नाहीत, असा ढोबळ प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्या कोणत्या रुग्णाची कल्पना समोर ठेवून रचल्या गेल्या आणि साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस त्या कल्पनेत बसतो काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

हार्लेमचा अनुभव आणि त्याचे वाचन

रुग्णमार्गदर्शनाचा इतिहास डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांच्यापासून सुरू होतो. न्यूयॉर्कमधील हार्लेम हा प्रामुख्याने कृष्णवर्णीय व गरीब वस्तीचा भाग. तेथील रुग्णालयात शल्यचिकित्सक असलेल्या फ्रीमन यांना दिसले, की स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया येतात त्या फार उशिरा येतात. १९६४ ते १९८६ या काळात या रुग्णालयात उपचार घेतलेल्या ६०६ स्त्रियांपैकी केवळ ६ टक्के स्त्रिया पहिल्या अवस्थेत आल्या होत्या, तर ४९ टक्के तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. १९८९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने गरिबांमधील कर्करोगाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या पाठोपाठ १९९० मध्ये फ्रीमन यांनी हार्लेममध्ये पहिला मार्गदर्शन कार्यक्रम सुरू केला. १९९५ ते २००० या काळातील ३२५ रुग्णांमध्ये प्रारंभीच्या अवस्थेत आलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४१ टक्क्यांवर गेले, उशिरा येणाऱ्यांचे २१ टक्क्यांवर उतरले आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के झाले.

हे आकडे जगभर उद्धृत झाले. २००५ साली अमेरिकेने रुग्णमार्गदर्शनासाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागेही हार्लेमचीच प्रेरणा होती. मात्र या आकड्यांचे वाचन सावधपणे करावयास हवे. हार्लेममध्ये मार्गदर्शकासोबतच मोफत वा अल्पदरातील तपासणीही सुरू झाली होती. शिवाय ही तुलना दोन वेगळ्या कालखंडांची आहे. मधल्या काळात कर्करोगाचे उपचारही सुधारले. रोग लवकर सापडला की निदानापासून मोजलेले आयुष्य, उपचाराने काहीही बदल न होतासुद्धा, वाढलेले दिसते हे संख्याशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. फ्रीमन यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. परंतु ३९ वरून ७० पर्यंतचा सारा प्रवास मार्गदर्शकाच्या खात्यावर जमा करणे मात्र योग्य ठरणार नाही. गरीब रुग्ण तपासणीपर्यंत येत नाही याचे कारण त्याचे अज्ञान नसून वाटेतले अडथळे आहेत आणि ते अडथळे एकेक करून हटविता येतात, ही फ्रीमन यांची दृष्टी हेच खरे तर त्यांचे मोठे योगदान होय.

मुंबईत ही दृष्टी ‘केवट’ या नावाने अवतरली. टाटा स्मारक केंद्राने टाटा समाजविज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने रुग्णमार्गदर्शनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. वर्गातील शिक्षणासोबत प्रत्यक्ष रुग्णालयातील उमेदवारी हे त्याचे वैशिष्ट्य. देशाच्या कानाकोपऱ्यांतून परळला येणारा रुग्ण, त्याची वेगळी भाषा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाची जागा मिळविण्याची धडपड, कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर जावयाचे याचा गोंधळ हे सारे ज्याने पाहिले आहे, त्याला या योजनेची गरज समजावून सांगावी लागत नाही.

नावाविषयी मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे. केवट म्हणजे रामाला गंगापार नेणारा नावाडी. ‘नेव्हिगेशन’ या शब्दातही नौकाच आहे. त्यामुळे भाषांतर नेमके आणि देशी झाले, यात शंका नाही. पण रामकथेतील केवट उतराई नाकारतो. सेवेचा मोबदला न घेणे हाच त्याचा मोठेपणा. उलट मुंबईच्या या उपक्रमाचे मोल याच्या नेमके विरुद्ध गोष्टीत आहे : आजवर नातेवाईक, धर्मशाळेचा व्यवस्थापक किंवा एखादा दयाळू वॉर्डबॉय जे काम फुकट करीत होता, त्याला या उपक्रमाने शिक्षणाचा आणि पगाराचा दर्जा दिला. नावाने सेवाभाव सुचवावा आणि रचनेने व्यवसाय घडवावा, ही विसंगती लहान असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आपल्याकडे सेवाभावाच्या नावाखाली वेतन टाळण्याची परंपरा जुनी आहे. आशा सेविकांना ‘स्वयंसेविका’ मानून मानधनावर व कामागणिक मोबदल्यावर ठेवण्यात तीच दिसते.

नदीला दुसरा काठ नसतो तेव्हा

नावेच्या रूपकात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. नदीला दोन काठ असतात. रुग्ण या काठावर नावेत बसतो आणि त्या काठावर उतरतो. कर्करोगाच्या उपचाराला, निदान योजनेच्या पातळीवर, हे रूप लागू पडते : संशय, तपासणी, निदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार, पाठपुरावा. टप्पे ठरलेले असतात, रुग्णालय बहुधा एकच असते आणि मार्गदर्शकाला आपला माणूस कोठे अडला आहे हे सांगता येते.

वृद्धाचे आजारपण असे नसते. भारतातील ज्येष्ठांविषयीच्या ‘लासी’ या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे ७५ टक्के ज्येष्ठांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार होता. पाहणीतील हा एक आकडा व्यवहारात मधुमेह, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू, ऐकू कमी येणे आणि रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती, अशा एकत्र वस्तीच्या रूपाने घरात राहतो. मधुमेहाचे डॉक्टर एका ठिकाणी, हृदयाचे दुसरीकडे, गुडघ्यांसाठी गावातले वैद्य. एकाने दिलेले औषध दुसऱ्याला ठाऊक नसते. येथे पलीकडचा काठ कोठे आहे? माणूस नावेतच राहणार आहे. अशा रुग्णाला वाट दाखविणारा पुरत नाही; हिशेब ठेवणारा आणि सोबत राहणारा माणूस लागतो.

ज्येष्ठांसाठी रचलेल्या ज्या थोड्या योजनांची काटेकोर परीक्षा झाली आहे, त्यांनी हा फरक ओळखला होता असे दिसते. अमेरिकेतील मेरी नेलर यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील ३६३ रुग्ण होते. रुग्णालयात भेटलेली प्रशिक्षित परिचारिकाच घरी येई आणि फोनवर उपलब्ध असे. चोवीस आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण या गटात २०.३ टक्के, तर नेहमीची काळजी मिळालेल्या गटात ३७.१ टक्के होते. एरिक कोलमन यांचा २००६ चा अभ्यास ७५० ज्येष्ठांचा. त्यांच्या योजनेतील ‘प्रशिक्षक’ रुग्णासाठी कामे करीत नसे; तो रुग्णाला आणि घरच्यांना करावयास शिकवी. औषधे स्वतः सांभाळणे, स्वतःची नोंदवही स्वतःजवळ बाळगणे, डॉक्टरांकडे फेरभेट ठरविणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे या चार गोष्टींवर त्याचा भर होता. रुग्णालयात एक भेट, घरी एक भेट आणि तीन फोन एवढाच हा व्याप. तीस दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ११.९ टक्क्यांच्या जागी ८.३ टक्के आढळले. फरक फार मोठा नाही; खर्चही फार मोठा नाही. या साधेपणातच त्याचे महत्त्व आहे.

दोन्ही योजनांत मार्गदर्शकाने उंबरठा ओलांडला, ही लक्षात घेण्याजोगी बाब होय. तो रुग्णालयाच्या आवारात थांबला नाही. औषधांच्या डबीत काय आहे हे घरी गेल्यावरच कळते.

याच्या उलट अनुभव कॅम्डनचा. न्यू जर्सीतील या गरीब शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी वारंवार रुग्णालयात दाखल होणाऱ्यांना हेरून त्यांच्यामागे परिचारिका, समाजसेवक आणि आरोग्यसेवक यांचे पथक लावले. हे रुग्ण सगळेच वृद्ध नव्हते, परंतु एकाहून अधिक दीर्घकालीन आजार हे त्यांचे समान लक्षण होते. २०११ मध्ये अतुल गवांदे यांनी ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात या प्रयोगावर लेख लिहिला आणि तो देशभर आदर्श ठरला. पुढे ८०० रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. १८० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण पथकाची मदत मिळालेल्या गटात ६२.३ टक्के आणि न मिळालेल्या गटात ६१.७ टक्के निघाले. म्हणजे फरक शून्य. जर तुलनेचा दुसरा गट नसता आणि केवळ ‘योजनेपूर्वी’ व ‘योजनेनंतर’ असे पाहिले असते, तर ३८ टक्के-बिंदूंची घट दिसून कार्यक्रमाचा जयजयकार झाला असता. माणूस वारंवार रुग्णालयात जाण्याच्या सर्वांत वाईट काळात योजनेत घेतला जातो. त्यानंतर त्याची प्रकृती पुष्कळदा आपोआपच थोडी सुधारते. हे श्रेय योजनेकडे जाते.

कॅम्डनपासून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, आपल्याकडील कोणत्याही योजनेच्या ‘लाभार्थींची संख्या’ वा ‘आधी-नंतर’ची घट ही यशाचा पुरावा मानता येत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. मार्गदर्शक रुग्णाला घर, व्यसनमुक्ती, मानसोपचार यांच्या दाराशी नेऊ शकतो; पण ते दार बंद असेल, तर तो काय करणार? वाटाड्या कितीही चांगला असला तरी नसलेल्या रस्त्यावरून तो कोणाला नेऊ शकत नाही. मात्र येथे एक आक्षेपही नोंदविणे न्याय्य ठरेल. पुन्हा दाखल होणे हेच एकमेव माप का मानावे? ते विमा देणाऱ्याचे माप आहे. म्हाताऱ्या माणसाला आपल्या गोळ्या कशासाठी आहेत हे कळले, दवाखान्यात जाण्याची धास्ती कमी झाली, सुनेची एक रजा वाचली, याची नोंद त्या आकड्यात कोठेही होत नाही. कॅम्डनचा प्रयोग फसला असे म्हणताना कोणत्या पट्टीने मोजून फसला, हेही सांगावयास हवे.

दारात सुरू होणारी आणि दारातच संपणारी मदत

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर रुग्णाला वाट दाखविणारा पगारी माणूस ही कल्पना येथे परकी नाही. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आजही शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद आहे. निराधार रुग्णाची व्यवस्था, धर्मादाय निधीसाठी पत्रव्यवहार, नातेवाइकांचा शोध ही त्या पदाची कामे. पदे थोडी आणि रुग्ण अगणित, हे त्याचे नेहमीचे दुखणे. मार्गदर्शनाची संकल्पना अमेरिकेतून आयात झाली असे लिहिणाऱ्यांनी हा ऐंशी वर्षांचा इतिहास विसरू नये.

२०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेने ‘आरोग्यमित्र’ हे पद निर्माण केले. अंगीकृत रुग्णालयाच्या दर्शनी भागात त्याचे टेबल असते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहणे, नोंदणी करणे, उपचाराची पूर्वपरवानगी मिळविण्यास साहाय्य करणे ही त्याची कामे होत. खेड्यातून आलेल्या, कागदपत्रांना बिचकणाऱ्या ज्येष्ठाला या टेबलाचा मोठाच आधार होतो. नाव चुकीचे लागलेली शिधापत्रिका, जन्मतारखेचा घोळ, झिजलेल्या रेषांमुळे न उमटणारा अंगठा या अडचणींतून वाट काढणारा तोच असतो.

परंतु आरोग्यमित्र हा योजनेचा मित्र आहे की रुग्णाचा, हा प्रश्न त्याच्या टेबलाच्या जागेनेच उपस्थित केला आहे. तो रुग्णालयात बसतो. त्याचे काम योजनेत बसणाऱ्या उपचारापुरते आहे. एखाद्या वृद्धाचे दुखणे मंजूर उपचारांच्या यादीत नसेल, तर त्याच्यासाठी आरोग्यमित्राकडे काही उरत नाही. आणि वृद्धांची बहुसंख्य दुखणी याच प्रकारची असतात. त्यांना शस्त्रक्रिया नको असते. रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, कानाचे यंत्र, फेरतपासणी हवी असते.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. हा निर्णय स्वागतार्ह आहेच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खासगी विमा कंपन्या कशा वागवितात हे ज्यांनी अनुभवले आहे, ते त्याचे मोल जाणतात. मात्र या संरक्षणाची कक्षा आंतररुग्ण उपचारांची आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस एवढाच खर्च त्यात धरला जातो; बाह्यरुग्ण विभागातील सल्ला आणि महिनोन्‌महिने चालणारी औषधे त्याबाहेर राहतात. नेलर यांच्या अभ्यासात परिणाम मोजला तो चोवीस आठवड्यांचा. आपली योजना सोळाव्या दिवशी रुग्णाचा निरोप घेते.

या मर्यादेवर उपाय म्हणून २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रमाकडे बोट दाखविता येईल. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष, ज्येष्ठांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्यसेवकाची भेट अशी तरतूद त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे कल्पनेचा अभाव नाही. परंतु घरभेटीची जबाबदारी ज्या आरोग्यसेविकेकडे जाते, तिच्या वहीत आधीच लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग आणि साथीचे आजार आहेत. वृद्धाची भेट ही तिच्या दिवसातील शेवटची ओळ असते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत दिवस पुरत नाही.

विकत घेतलेली सोबत

सार्वजनिक व्यवस्थेने सोडलेली ही जागा पुण्या-मुंबईत बाजाराने ओळखली आहे. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी सिंगापूरला आणि आईवडील कोथरूडला किंवा डोंबिवलीला, अशा कुटुंबांसाठी मासिक शुल्कावर काम करणाऱ्या सेवा आता सर्वपरिचित आहेत. त्यांचा प्रतिनिधी गाडी घेऊन येतो, काकांना तपासणीला नेतो, डॉक्टरांसमोर बसून प्रश्न विचारतो, औषधे आणतो आणि संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर अहवाल पाठवितो. ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाचे हे नवे उत्तर होय.

या सेवांची टवाळी करणे सोपे आहे आणि ती अन्यायकारकही आहे. परदेशी असलेल्या मुलांना आईवडिलांची काळजी नाही, हा आपल्या कथाकादंबऱ्यांतील आणि कीर्तनांतीलही आवडता आरोप या संदर्भात फारसा उपयोगी नाही. जेथे सोबत मिळते तेथे ती उपयोगी पडते, मग ती पगारी का असेना. खरी अडचण दुसरी आहे. या व्यवस्थेत मार्गदर्शकाचा धनी कोण? शुल्क मुलगा भरतो, अहवाल मुलाला जातो, निर्णयही बहुधा तोच घेतो. ज्याच्या शरीराविषयी हे सारे चालले आहे तो गृहस्थ खोलीत असूनही संभाषणाचा विषयच राहतो, त्याचा कर्ता होत नाही. कोलमन यांच्या प्रशिक्षकाने नोंदवही रुग्णाच्या हाती दिली होती; येथे ती हजारो मैलांवरच्या पडद्यावर उघडते. आईच्या रक्तातील साखरेचा आकडा तिच्याआधी मुलाला कळावा, ही सोय आहे की आक्रमण, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असेल. पण प्रश्न विचारलाच जात नाही, ही बाब चिंतेची आहे.

१९७१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी असे मांडले, की चांगली वैद्यकीय सेवा ज्यांना सर्वाधिक हवी त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते. मार्गदर्शनाच्या क्षेत्रातही हा नियम उलगडताना दिसतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन, इंग्रजी वाचणारा मुलगा आणि मासिक शुल्क आहे त्याला मार्गदर्शकही मिळतो. बीड वा नंदुरबारमधील एकट्या विधवेला, जिचा मुलगा ऊसतोडीसाठी सहा महिने बाहेर असतो, तिला यांपैकी काहीच मिळत नाही. तिच्यासोबत कोणी असलेच तर ती शेजारीण असते, आणि शेजारणीचा त्या दिवशीचा रोज बुडतो.

कुटुंबातील सोबतीविषयी बोलताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते. ‘नातेवाईक’ हा शब्द पुल्लिंगी असला तरी व्यवहारात ती बहुधा सून किंवा लेक असते. रुग्णालयाच्या बाकावर डबा घेऊन बसलेली, रिपोर्टची वाट पाहणारी बाई हीच आपल्याकडची सर्वांत जुनी रुग्णमार्गदर्शक आहे. तिला प्रशिक्षण नाही, रजा नाही आणि डॉक्टरांशी बोलताना खुर्चीही बहुधा नाही. मार्गदर्शनाची कोणतीही योजना या बाईला बाजूला सारून रचली, तर ती टिकणार नाही. आणि तिच्यावरच आणखी भार टाकून रचली, तर तिला योजना म्हणता येणार नाही.

केरळची घरभेट आणि कागदांची पिशवी

या कोंडीतून वाट असू शकते याचा पुरावा केरळात आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कार्यातून १९९९ नंतर उत्तर केरळात शेजारगटांचे जाळे उभे राहिले. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात गावातील स्वयंसेवक, परिचारिका आणि डॉक्टर यांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणे सुरू केले. २००८ साली राज्याने या विषयाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि पंचायतींना त्यात स्थान दिले. मूळ हेतू कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदना हा असला, तरी वृद्धत्वाने व पक्षाघाताने घरात अडकलेले लोकही त्या कक्षेत आले. येथे रुग्ण व्यवस्थेकडे जात नाही, व्यवस्था रुग्णाच्या ओटीवर येते. केरळचे साक्षरतेचे आणि पंचायतींचे वातावरण महाराष्ट्राला जसेच्या तसे उचलता येणार नाही, हे खरेच. परंतु गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ असलेल्या आणि सहकाराची परंपरा सांगणाऱ्या राज्याने अशक्यतेचे कारण द्यावे, हेही शोभत नाही.

शेवटी एका साध्या वस्तूकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक वृद्धाकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे अहवाल, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि डिस्चार्ज कार्ड असते. डॉक्टरांसमोर ती पिशवी येते. वेळ नसल्याने वरचा एखादाच कागद पाहिला जातो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते. गोळ्यांपुढे ‘१-०-१’ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ औषधांच्या दुकानातला मुलगा सांगतो आणि पाकिटावर पेनाने खुणा करून देतो. महाराष्ट्राने राजभाषा अधिनियम १९६४ साली केला. सहा दशकांनंतरही ज्याच्या आयुष्याशी त्या कागदाचा संबंध आहे, त्याला तो वाचता येत नाही. अशा कागदाचा अर्थ सांगण्यासाठी मार्गदर्शक नेमणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली सांभाळणारा माणूस पगारावर ठेवण्यासारखे आहे. कोलमन यांच्या चार सूत्रांपैकी दोन, औषधे आणि नोंदवही, मराठीतील एका पानाने बऱ्याच अंशी साधली असती : औषध कोणते, कशासाठी, केव्हा, किती दिवस, कोणते जुने औषध बंद करावयाचे आणि काय झाल्यास लगेच यावे.

डिजिटल आरोग्य खाते या अडचणीवरील उत्तर म्हणून २०२१ पासून पुढे आणले जात आहे. डॉक्टरांच्या सोयीसाठी ते उपयोगी ठरेल. ज्याची पिशवी आहे त्याला ते उघडता येईल की नाही, ही शंका मात्र आहेच; आणि बंद करावयाचे जुने औषध कोणते, हे खाते आपणहून सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी वृद्धाशेजारी बसून पिशवीतील पट्ट्या एकेक करून बाहेर काढाव्या लागतात. आयुष्मान आरोग्य मंदिरात आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यासाठी ज्येष्ठ तेथे येतातच. दर तीन महिन्यांनी अशा प्रत्येकाची पिशवी टेबलावर रिकामी करणे, एकाच कामाच्या दोन गोळ्या चालू असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याला कळविणे, एका पानावर मराठीत यादी लिहून ती त्याच्याच हाती देणे आणि जो येऊ शकला नाही त्याचे नाव आशा सेविकेला घरभेटीसाठी, त्या भेटीचा स्वतंत्र मोबदला धरून, देणे, एवढे काम एखाद्या तालुक्यात वर्षभर करून पाहता येईल. शेजारच्या तालुक्यात ते न करता दोहोंची तुलना ठेवली, तर कॅम्डनमध्ये जे आठ-नऊ वर्षांच्या कौतुकानंतर कळले ते येथे पहिल्याच वर्षी कळू शकेल.